सुई बसत नाही

९ जानेवारी

बारक्या,

तू बरा असशील असं धरून चालतो, कारण विचारलं तरी तू खरं सांगणार नाहीस. दादा फोन का घेत नाही म्हणून वहिनीकडे कुरकुर केलीस म्हणे. अरे, सगळी नोकरी लेथशेजारी उभं राहून काढली, कानांचा पार भुगा झालाय. फोनवर तू बोलतोस ते मला डब्यात कोंडलेल्या माशीसारखं ऐकू येतं. त्यापेक्षा लिहीत जा. तुलाही सवय राहील.

आता कामाचं. आपली तांबडी गाडी गळतेय. गाडीवरची ताडपत्री काढून धुवावी म्हणून परवा गॅरेज उघडलं, तर तुझी वहिनी दारातूनच म्हणाली, पेट्रोलचा वास येतोय. मला काही आला नाही, सर्दी असेल. वाकून पाहिलं तर कार्ब्युरेटरच्या वाटीवरून पेट्रोल ओघळतंय आणि थेंब थेट एक्झॉस्टच्या पाइपावर. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, त्यामुळे पेट्रोलचा कॉक उघडा राहिला की इंजिन बंद असलं तरी ते आपलं उतरतच राहतं. तशीच सुरू केली असती तर गाडी, गॅरेज आणि तुझा दादा, तिघांचा एकदमच निकाल.

उघडून बघितलं. तुला शिकवलेला पहिला धडा आठवतोय ना? वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो, फ्लोट सुईला ढकलतो, सुई आपल्या भोकात बसते आणि पेट्रोल थांबतं. इथे सुई बसतच नाही. वरचं गॅस्केटही हातात बिस्किटासारखं मोडलं. इथल्या दुकानदारांपुढे या गाडीचं नाव काढलं की ते माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. तुझ्या बंदरावरच्या जुन्या बोटींना असलीच कार्ब्युरेटर असतात. सुई, तिची बैठक आणि गॅस्केट, तिन्ही पाठव.

हवा चांगली आहे तोवर एकदा घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन यायचंय. शर्यतीच्या वेळचं स्टॉपवॉच शोधून ठेव असं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, आता तुम्हाला कॅलेंडर पुरेल.

तुझा दादा


१८ जानेवारी

दादा,

सामान वेगळ्या पुडक्यात टाकलंय, मिळालं की कळव. सुई नवी आहे, टोकाला रबर असलेली. जुन्या पितळी सुईपेक्षा चांगली बसते. हल्लीचं पेट्रोल जुनं रबर खाऊन टाकतं, म्हणून नळीचाही एक तुकडा जोडलाय. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघ. त्याची पट्टी वाकवायची झाली तर किंचित वाकव. दोनदा घाटाची शर्यत जिंकलेल्या माणसाला मी हे सांगतोय, म्हणजे बाराखडी शिकवणाऱ्यालाच बाराखडी. पण तूच म्हणायचास, सांगायचं काम सांगणाऱ्याचं.

एक सांग, कागद महाग झालाय का तिकडे? तुझं अक्षर मुंगीएवढं आलंय आणि ओळीच्या शेवटी तर मुंगीची पिल्लं. दुकानातलं भिंग घेऊन वाचलं. कारकुनाला वाटलं मी बेअरिंग तपासतोय.

माझे गुडघे सोडले तर मी ठीक. बोटीच्या तळात उतरतो रुबाबात आणि वर येतो चार जणांच्या आधाराने.

बारक्या


५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझी सुई भिकार निघाली. लावली, जोडलं, कॉक उघडला, खाली वर्तमानपत्र घातलं. चहा घेऊन येईपर्यंत अग्रलेख भिजला होता. परत उघडलं, परत लावली, परत तेच. नव्या वस्तू बनवणाऱ्यांना लाज राहिलेली नाही. झाकणाच्या एका स्क्रूचे आटेही गेले, तोही परवाच नवा आणलेला. सुई एवढीशी करतात की धरायची कशी हाच प्रश्न. दोनदा खाली पडली. तुझ्या वहिनीने गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवला, आणि त्याला चिकटलं काय, तर माझं कधीचं हरवलेलं ड्रिलचं बिट.

अक्षराचं म्हणशील तर पेन खराब आहे.

दुसरी सुई पाठव. पितळी.

दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

पितळी सुई इथेही राहिलेली नाही. आणि तुला पाठवली तशीच सुई मी परवा एका बोटीला बसवली, ती थेंबही सांडत नाही. म्हणजे दुखणं सुईचं नसावं, बैठकीचं किंवा वाटीचं असावं. असं कर, सबंध कार्ब्युरेटरच काढून मला पाठव. माझ्या टेबलावर उजेड चांगला आहे आणि सगळे मापांचे गेज आहेत. तुझ्या गॅरेजात तो एक पिवळा दिवा, त्यात मांजरालाही उंदीर दिसायचा नाही.

बारक्या


१ मार्च

बारक्या,

पाठवतोय. जन्मात पहिल्यांदा माझं काम दुसऱ्याच्या टेबलावर जातंय, टाळ्या वाजवून घे. जोडून बिस्किटाच्या डब्यात ठेवलंय, भोवती कापूस घातलाय.

तांबडीवर ताडपत्री घातली नाही. बॉनेट उघडंच ठेवलंय. कार्ब्युरेटर काढलेली जागा दात पडल्यासारखी दिसते.

लवकर कर.

दादा


९ मार्च

वहिनी,

हे पत्र तुम्हाला वेगळं लिहितोय. दादाला दाखवू नका. फोन करावा तर तुम्ही दोन वाक्यांत ‘सगळं छान’ म्हणून ठेवून देता.

डबा काल उघडला. वहिनी, सुईही चांगली आहे आणि बैठकही. पण सुई तिरकी दाबलेली आहे, एकदा तर उलटीच घातली असावी, तिच्या रबरावर खूण आहे. गॅस्केट झाकणाच्या कडेखाली चिमटलंय. एक स्क्रू वाकडाच आत पिळलाय. फ्लोटची पट्टी जोर लावून वाकवली आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक स्क्रूभोवती ओरखडेच ओरखडे, स्क्रूड्रायव्हर निसटून गेल्याचे. नवशिक्या हातानेही एवढी नासधूस होत नाही.

या माणसाने मला डोळ्यांवर रुमाल बांधून हेच कार्ब्युरेटर जोडायला लावलं होतं. ओरखडा दिसला की टोमणा मारायचा, ‘मांजर पाळलंयस का?’

काय चाललंय तिकडे? दादा प्यायला लागलाय का? खरं सांगा, मी त्याला काही बोलणार नाही.

बारक्या


१५ मार्च

भावजींना नमस्कार,

हे पीत नाहीत. पीत असते तर दारू सोडवता तरी आली असती.

यांचे हात थरथरतात. आधी उजवा, आता दोन्ही. दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं की हे दुखणं मेंदूतलं आहे, हळूहळू वाढत जातं आणि मागे फिरत नाही. अक्षर बारीक होतं तेही त्यातलंच. वास येत नाही तेही त्यातलंच. सर्दी वगैरे काही नाही. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय. कुणी घरी आलं की हे उजवा हात मांडीखाली दाबून बसतात. लोकांना वाटतं, साहेब ऐटीत बसलेत.

फोनवर मी दोन वाक्यांत ठेवते, कारण तिसऱ्या वाक्याला मला रडू येतं. यांना ऐकू येत नाही, पण दिसतं.

रोज सकाळी चहा झाला की कामाचा निळा कोट चढवून गॅरेजमध्ये जातात आणि आतून दार लावून घेतात. पेट्रोलने हात ओले, अंगावर सांडलेलं, आणि वास येत नाही. मी दाराबाहेर वाळूची बादली घेऊन भाजी निवडत बसते. काही विचारलं की म्हणतात, ‘सुई बसत नाहीये.’ संध्याकाळी बोटं सोललेली असतात.

भावजी, गाडी दुरुस्त झाली तर हे ती चालवणार. घाटात चालवणार. त्यांचा पाय ब्रेकवर वेळेवर जात नाही, परवा जिन्यातच तोल गेला. आणि दुरुस्त नाही झाली तर हे बंद दाराआड पेट्रोलमध्ये हात घालून बसणार. मला यातलं काहीच नको आहे आणि तिसरं काही सुचत नाही. तुम्ही लिहा की तो भाग गेला, कायमचा गेला. तुमचं ऐकतील. माझं ऐकायचे दिवस त्यांनी ठेवले नाहीत.

तुमची वहिनी


२६ मार्च

दादा,

नीट तपासलं. बातमी चांगली नाही. वाटीच्या बुडाला केसाएवढा तडा गेलाय, बारीक पण आरपार. ओतीव धातू आहे, त्यावर वेल्डिंग टिकत नाही. चार ठिकाणी चौकशी केली, असलं दुसरं कुठेच नाही. तुझ्या कामात काहीच खोट नव्हती, उलट काम फार सुरेख होतं. वस्तूचंच आयुष्य संपलं त्याला कोण काय करणार?

माझं ऐक, तिला पुसून, झाकून छान ठेव. दिसायला तर ती अजून राणीच आहे.

बारक्या


३ एप्रिल

बारक्या,

तडा कुठल्या बाजूला आहे?

तुला पाठवायच्या आधी ती वाटी मी रॉकेलमध्ये बुडवली, पुसून कोरडी केली आणि वरून खडू फासला. तडा असता तर रॉकेल पाझरून खडूवर काळी रेघ उठली असती. ही युक्ती तुला कुणी शिकवली ते आठव. एकही रेघ उठली नाही. हलतात ते माझे हात, डोकं नाही.

शिवाय तू माझ्या कामाला सुरेख म्हणालास. जन्मात कधी म्हणाला नाहीस. तिथेच पकडलं तुला.

तुझ्या वहिनीला विचारलं, तू लिहिलंस का त्याला? ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथे उभी राहिली. मला नळही ऐकू येत नाही, हे घाईत विसरली असावी.

आता कळलंच आहे तर नीट ऐक. सुई मला दोन बोटांत धरता येते. भोकापर्यंत नेताही येते. शेवटचं सूतभर अंतर राहतं, ते जमत नाही. जितकं जपावं तितका हात उड्या मारतो. श्वास रोखून पाहिलं, मनगट शिकंज्यात धरून पाहिलं. हसू नकोस, खरंच शिकंज्यात धरलं. मग हात थांबला आणि बोटं उडायला लागली.

मला घाटात मरायचं नाही. तुम्ही दोघांनी मनात तेच धरलंय, मला माहीत आहे. ती गळते एवढंच मला सहन होत नाही. माझ्या हाताखालची वस्तू कधी गळली नाही.

तू ये. तूच बसव. मी स्टुलावर बसून बघेन. चुकलास तर शिव्या घालेन, तेवढं अजून येतं.

दादा


१० एप्रिल

दादा,

चुकलो. येतोय. पुढच्या आठवड्यात निघतो. डबा हातात घेऊनच गाडीत बसेन.

बारक्या


२९ एप्रिल

दादा,

काल सुखरूप पोचलो. गुडघ्यांनी बंड केलंय, पण मन अजून तिकडेच आहे.

शिव्यांचा कोटा तू पहिल्याच सकाळी संपवलास. ‘अरे, गाढवाच्या हाती सुई दिलीय का?’ म्हणालास तेव्हा मला एकदम बरं वाटलं. दादा, सुई बसली तेव्हाचा तो बारीकसा टक् मी ऐकला, तू नाही ऐकलास, पण माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलं. कॉक उघडला, खाली वर्तमानपत्र घातलं आणि आपण तिघं त्या वर्तमानपत्राकडे बघत बसलो, जणू काही निकाल छापून येणार होता. जेवून परत आलो तरी ते कोरडं होतं. वहिनींनी त्यावर हात फिरवून पाहिला.

मग मी ती सुरू केली. तू बॉनेटवर हात ठेवून उभा होतास. गाडी थरथरत होती, तुझा हात थरथरत होता, आणि कुठलं थरथरणं कुणाचं ते कळेना. तू हसलास. मी पाहिलं.

घाटाकडे निघालो तर पहिल्याच वळणावरून तू परत फिर म्हणालास, दमला होतास, समजू शकतो. पुढच्या खेपेला माथ्यापर्यंत जाऊ. मी चालवीन, तू शेजारी बसून शिकवशील. चौकशी केलीय, इथे एक डॉक्टर आहेत, त्यांनी नवीन गोळ्या सुचवल्यात, नावं वहिनींना कळवतो.

आता ती गळणार नाही. माझी हमी.

बारक्या


१६ मे

दादा,

पत्र नाही? पेन पुन्हा खराब झालं का? दोन ओळी लिही, भिंग तयार आहे.

बारक्या


७ जून

भावजींना नमस्कार,

तुमची दोन्ही पत्रं यांनी वाचली. उत्तर लिहायला बसलेही होते. कागदावर ‘बारक्या’ एवढं लिहिलं आणि ते स्वतःलाच वाचता येईना, तेव्हा कागद चुरगळून खिशात घातला. म्हणून मी लिहितेय.

गाडी गळत नाही. मी रोज जाऊन बघते. तुम्ही काम चोख केलंत.

पण हे आता गॅरेजमध्ये जात नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी निळा कोट चढवला, दारापर्यंत गेले आणि तसेच परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘तिथे काम नाही.’ तेव्हापासून खिडकीपाशी बसतात. खिडकीतून बघत नाहीत, नुसते बसतात. पूर्वी संध्याकाळी सोललेल्या बोटांना मी मलम लावायची, तेव्हा चिडचिड करायचे. आता बोटं धड आहेत आणि बोलणं बंद आहे. गोळ्या आणल्या. त्यांनी झोप येते, बाकी काही नाही.

त्या दिवशी पहिल्या वळणावर हे दमले नव्हते. रात्री मला म्हणाले, ‘शेजारच्या सीटवरून रस्ता कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. सगळं अंगावर येतं आणि आपल्या हातात काही नसतं. तू एवढी वर्षं तिथे बसून काय बघत होतीस?’ मी म्हटलं, तुम्हाला. तुम्ही त्यांना हसताना पाहिलंत ते खरं असेल. मला मात्र माझ्या बाजूने त्यांचा फक्त हात दिसत होता.

आता जे लिहिते त्याबद्दल रागावू नका. गेल्या सोमवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. तुम्ही पेट्रोलची नळी जोडून शेवटी जो नट आवळला होता तो मी बघून ठेवला होता. तो पान्याने सैल केला आणि कॉक उघडला. खाली वर्तमानपत्र घातलं. थेंब पडायला लागले. मग आत येऊन यांच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं, ‘अहो, गाडी पुन्हा गळतेय.’

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. बोटांना काळं लागलं होतं. समजलं असावं, नसेलही. मला वाटलं, आता उठतील, कोट मागतील, तुम्हाला चार शिव्या घालतील.

म्हणाले, ‘गळू दे.’

मी परत जाऊन कॉक बंद केला, नट आवळला. किती आवळायचा ते ठाऊक नाही, हाताला झेपेल तेवढा आवळला. वर्तमानपत्र अंगणात नेऊन वाळत टाकलं आणि तिथेच बसले थोडा वेळ.

काल दाढी करताना गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं. मी करून देते म्हटलं तर वस्तरा उशीखाली ठेवला. आज तसेच खुंट वाढवून बसलेत. पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलंय.

तुम्हाला दोष देत नाही, भावजी. तुम्ही आला नसतात आणि हे आत पेटले असते तर मी तुम्हालाच दोष दिला असता. मला काही कळेनासं झालंय. तुम्हाला तिकडून काही सुचत असेल तर लिहा.

तुमची वहिनी


१३ जून

वहिनी,

आधी गाडीचं. नट मऊ पितळेचा आहे, जास्त आवळला की आटे जातात. त्याला पुन्हा हात लावू नका. कॉक बंद आहे ना ते एकदा बघा, बॅटरीची एक तार काढून ठेवा, आणि शेजाऱ्यांना सांगून टाकीतलं पेट्रोल बाहेर अंगणात काढून घ्या, गॅरेजमध्ये नको. दार दिवसभर उघडं ठेवा. गाडी आता कोरडीच राहू दे. दादाला विचारायची गरज नाही.

बाकीचं मलाही सुचत नाही, वहिनी. तुमचं पत्र वाचून इथल्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन आलो. त्यांनी मला बसवून समजावलं. गोळ्या थोडा वेळ धरून ठेवतात, मग त्यांचंही चालत नाही. पुढे बोलणं कमी होईल, गिळणं कठीण होईल. तुम्हाला हे आधीच माहीत असणार. मी हमी दिली होती ती गाडीची, आणि मला वाटत होतं मी दुसऱ्याच कशाचीतरी देतोय.

मी शनिवारी निघतो. हे पत्र कदाचित माझ्यानंतर पोचेल. दुकान कारकुनावर सोपवलंय, किती दिवस ते त्याला सांगितलं नाही, मला तरी कुठे ठाऊक आहे? या खेपेला हत्यारं आणत नाही. माझा दाढीचा ब्रश आणि साबण तेवढा आणतो. तोपर्यंत वस्तरा उशीखालून काढून घ्या, चिडला तर चिडू दे. आल्यावर मी आधी त्याच्यासमोर बसून माझी दाढी करीन, मग न विचारता त्याच्या गालाला फेस लावीन. माझा हातही काही फार सफाईदार नाही, कुठेतरी लागेलच. तेव्हा शिव्या घातल्या तर मला बरं वाटेल. नाही घातल्या तर मी तसाच करत राहीन.

बारक्या